डब्यावरचा हार

१

दसऱ्याची सुट्टी संपली आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या किशोर देवऱ्यांच्या वर्कशॉपचं शटर वर गेलं, तेव्हा आत झेंडूचा वास कोंडून राहिला होता. सुट्टीला जोडून रविवार आला होता, त्यामुळे खंडेनवमीला यंत्रांना घातलेले हार आता मलूल पडले होते. कुणी उरलेली आपट्याची पानं वाटत होतं, कुणी घरून आणलेली जिलबी. सणानंतर कामाला हात लावायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं होतं. देवराम गावित मात्र वेगळा माणूस. पेठकडच्या डोंगरातला, बोलायला मोजका आणि कामाला वाघ. तो तडक मागच्या पडवीत गेला. तिथे डस्ट कलेक्टर होता, म्हणजे यंत्रांवर उडणारी धातूची भुकटी पंख्यानं ओढून खालच्या मोठ्या लोखंडी डब्यात साठवणारा. सगळे त्याला नुसतं ‘डबा’ म्हणायचे. देवरामनं पंख्याचं हिरवं बटण दाबलं.

असा आवाज झाला की आजूबाजूच्या गाळ्यांतले लोक रस्त्यावर आले. आणि उजेड कसला, तर वेल्डिंगचा असतो तसा पांढराफेक, डोळ्यांसमोर अंधारी आणणारा. सुपरवायझर मयूर सोनजेनं बादली उचलून पाणी मारलं, तर आग विझायची सोडून छताला भिडली. शेजारच्या बांधकामावरची वाळू टोपल्यांनी ओतली तेव्हा कुठे ती दबली. देवराम वाचला, पण त्याचे दोन्ही हात भाजले. लेथवर काम करणाऱ्याचे हात गेले तर त्याच्याजवळ उरलं काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

दिवस मावळायच्या आत पोलिसांनी सनी गांगुर्डेला घरातून उचललं. त्याची आई झुंबरबाई याच वर्कशॉपात झाडलोट करायची.

२

मोहिनीताई पगारे इंदिरानगरात राहायच्या. आधी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या, आता घरी बसून कारखान्यांसाठी सुरक्षेची माहितीपत्रकं तयार करायच्या. पदार्थ कुठलाही असो, त्याचा धोका काय आणि पिंपावर लाल चौकटीतलं कुठलं चिन्ह लावायचं, याची जगातल्या देशांनी मिळून एक पद्धत ठरवलेली आहे. ज्वालेचं चित्र म्हणजे पेटणारं, कवटीचं म्हणजे विषारी, असं. भाषा येवो न येवो, चित्र बघून कुणालाही कळलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. मोहिनीताईंना या चित्रांचं भारी प्रेम. शेजारणी म्हणायच्या, पगारेबाईंच्या घरी फिनेलच्या बाटलीलासुद्धा शिस्त आहे.

किशोर देवऱ्यांचं पत्रकांचं काम त्यांच्याकडेच असायचं, म्हणून देवऱ्यांनी त्यांना वर्कशॉपवर बोलावून घेतलं. माणूस तसा भला. मालेगावहून येऊन स्वतःच्या हिमतीवर हे सगळं उभं केलेलं. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता. परदेशातल्या एका कंपनीसाठी ते गेल्या काही महिन्यांपासून मॅग्नेशियमचे भाग बनवत होते. धातू हलका, महाग, पुरवठादाराकडून जाड दांड्यांच्या रूपात यायचा, आणि सोबतच्या पत्रकावर एकही धोक्याचं चिन्ह नसायचं. देवऱ्यांना मोहिनीताईंकडून एवढंच लेखी हवं होतं, की हा धातू धोकादायक नाही.

ते लेखी कशासाठी, हे सांगितलं तृप्ती आहेरनं. ती या प्रकरणाची फौजदार, आणि एके काळची मोहिनीताईंची विद्यार्थिनी. राखेत मॅग्नेशियम सापडलं होतं. तृप्तीनं मॅग्नेशियमची एक दांडी उचलून तिच्याखाली लायटर धरला होता, बराच वेळ. दांडी गरम झाली, लायटर गरम झाला, तृप्तीचा अंगठाही भाजला, पण पेटलं काही नाही. मग जळलं ते मॅग्नेशियम आलं कुठून? बाहेरून, असा तिचा हिशेब. फटाक्यांच्या दारूत मॅग्नेशियमची भुकटी असते. सनी दिवाळीत फटाक्यांचा गाळा लावायचा, आणि त्याआधी दोन हंगाम शोभेची दारू बनवणाऱ्यांकडे राबला होता. पूर्वी तो याच वर्कशॉपात होता. देवरे आईला सगळ्यांदेखत बोलले म्हणून त्यानं भांडून काम सोडलं होतं, आणि जाताना म्हणाला होता, की एक दिवस हे सगळं पेटेल. वर खंडेनवमीच्या संध्याकाळी मयूरनं त्याला डब्याच्या झाकणाचे खटके आवळताना पाहिलं होतं.

“मॅडम, तुमचं पत्र आलं की माझे कागद पुरे होतात,” तृप्ती म्हणाली. “मग त्याला जामीन मिळणंही अवघड आहे.”

मोहिनीताईंनी उद्या देते म्हणून सांगितलं आणि बाहेर पडल्या. फाटकाशी झुंबरबाई उभी होती. डोक्यावरचा पदर घट्ट ओढलेला, डोळे सुजलेले. ती रडली नाही, हात जोडले नाहीत. तिनं सरळ मोहिनीताईंचा दंड धरला.

“ताई, माझा पोरगा बोलायला फटकळ हाय, पण हाताला घाण नाय. त्या दिवशी मला कामात हातभार लावाया आलता तो. इतकंच.”

आपल्या एका सहीवर या बाईचा मुलगा आत जाणार, हे मोहिनीताईंना तिथे उभ्या उभ्या जाणवलं. कसला हातभार, हे विचारायचं मात्र त्या घाईत राहून गेलं, आणि पुढे त्यांनी स्वतःला त्याबद्दल चांगलं फैलावर घेतलं.

३

त्या पुन्हा आत गेल्या आणि मयूरला गाठलं. मयूर म्हणजे तरतरीत, चटपटीत मुलगा. पाणी आपण मारलं आणि आग भडकली, या विचारानं तोही खचला होता. पण यंत्रांच्या बाबतीत तो छातीठोक होता. दर खंडेनवमीला यंत्रं पुसायची ती घासलेटच्या बोळ्यानं, हा त्यांचा जुना रिवाज. यंदा तर देवरेशेठनी बजावून ठेवलं होतं, की नवीन धातूच्या कामावर पाणी अजिबात नको, थंड करायलासुद्धा तेलच वापरायचं. मयूरनं एकेका कामगाराकडून ते घोकून घेतलं होतं.

“कुठल्याच मशिनवर पाण्याचा थेंब पडला नाही, मॅडम. देवाशप्पथ सांगतो.”

मोहिनीताईंनी ते मनात टिपून ठेवलं. मुलगा खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. पण त्यांना खटकलं ते भलतंच. जो धातू धोकादायक नाही असं देवऱ्यांना लेखी हवं होतं, त्याच धातूपासून पाणी लांब ठेवा असं त्यांनीच सांगितलं होतं. एकाच तोंडानं या दोन गोष्टी कशा?

त्यांनी देवऱ्यांना विचारलं. देवरे आधी चिडले, मग ओशाळले. पुरवठादाराचा माणूस फोनवर सहज बोलून गेला होता, की याच्या भुशाला पाणी लागू देऊ नका. का, ते त्यानं सांगितलं नाही, आणि यांनी विचारलं नाही. पत्रकावर चिन्ह नव्हतं ना, मग कशाला डोक्याला ताप. आणि शेवटी पाणी लागलंच नव्हतं, मयूर शप्पथ घेऊन सांगत होता. देवरे सारखे तिथेच येऊन थांबत होते, आणि मोहिनीताईंनाही त्यापुढे जायला वाट दिसत नव्हती.

निघताना तृप्तीनं जप्तीच्या वस्तू दाखवल्या. वाकडा झालेला पंखा, डब्याचं झाकण, एका पुडीत पांढरी राख. झाकण स्फोटानं उडून कोपऱ्यात पडलं होतं, म्हणून जळालं नव्हतं. त्याच्या आतल्या कडेला एक चिंचोका चिकटलेला सापडला होता. कुणीतरी चिंच चघळून थुंकली असेल, असं म्हणून तृप्तीनं तो बाजूला ठेवला होता. मोहिनीताईंनी तो हातात घेऊन पाहिला. घट्ट बसणाऱ्या झाकणाच्या आतल्या बाजूला कोण कसं थुंकेल, हे त्यांना काही कळेना.

४

देवराम इस्पितळात खाटेवर टेकून बसला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. बायको लताबाई त्याला चमच्यानं भात भरवत होती आणि अधूनमधून तोंड फिरवून डोळे पुसत होती. मोहिनीताईंना काय विचारावं ते सुचेना, म्हणून त्यांनी दुखतंय का असं विचारलं. हा काय प्रश्न झाला, असं त्यांचं त्यांनाच वाटलं.

देवरामला मात्र कुणाशी तरी बोलायचं होतं. त्याच्यापाशी पोलीस येऊन गेले होते, पण त्यांनी सनीबद्दलच विचारलं होतं. त्या सकाळी काय दिसलं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

मोहिनीताईंनी विचारलं. मग तो हळूहळू आठवून सांगू लागला. डबा त्या दिवशी लय चकचकीत दिसत होता. एरवी काळाकुट्ट, हात लावावासा वाटू नये असा. त्या दिवशी त्यावर कुंकवाची बोटं होती आणि झेंडूचा हार होता. देवरामला बरं वाटलं होतं. त्यानं बटण दाबायच्या आधी सहज डब्यावर तळवा ठेवला होता, आणि डबा कोमट लागला होता.

“भाकऱ्यांचा डबा कसा ऊन लागतो दुपारी, तसा,” तो म्हणाला. “म्हटलं, उन्हाचा असंल. पण ताई, पडवीत ऊन येतच नाय.”

इतके दिवस बंद असलेली वस्तू आपोआप गरम का व्हावी? मोहिनीताईंच्या डोक्यात काहीतरी सरकलं, पण हाताला लागेना. तेवढ्यात लताबाईनं विचारलं, की सनी अजून आतच आहे का. देवराम एकदम ताठ झाला. सनीला धरून ठेवलंय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

५

तृप्तीनं कुरकुर करत का होईना, सनीला भेटू दिलं. पोरगा उंच, दाढी वाढलेली, नजर जमिनीला खिळलेली. मोहिनीताईंनी ओळख सांगितली, आई भेटल्याचं सांगितलं. आईचं नाव निघताच तो दचकला.

त्यानं काय केलं, कशासाठी झाकण आवळलं, फटाक्याची दारू कुठली, यातल्या एकाही प्रश्नाला त्यानं धड उत्तर दिलं नाही. मी आईला घ्यायला गेलो होतो, एवढं एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मोहिनीताईंनी कॉलेजात आयुष्य काढलं होतं. कॉपी करणारा मुलगा कसा बोलतो आणि मित्राची कॉपी लपवणारा कसा बोलतो, हा फरक त्यांना झोपेतही कळला असता. हा दुसऱ्या प्रकारातला होता.

म्हणून त्यांनी विषय बदलला. दारूकामाच्या शेडमध्ये तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं, असं त्यांनी विचारलं.

सनी बेसावध होता. “चंदेरी पावडरजवळ ओले हात घेऊन जायचं नाही,” तो बोलून गेला.

आणि लगेच त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं मान भिंतीकडे फिरवली आणि त्यानंतर तोंडातून अक्षर काढलं नाही. मोहिनीताई बाहेर आल्या तेव्हा त्यांची खात्री पटली होती, की या मुलाला स्फोट कशानं झाला ते माहीत आहे, आणि तो कुणाला तरी पाठीशी घालतोय.

६

आता माणसाचं डोकं कुठे चालेल याचा नेम नसतो. मोहिनीताईंचं चाललं ते त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये. दुपारची वेळ, सगळं सामसूम. ओळीनं स्कूटर उभ्या, आणि प्रत्येकीच्या हँडलला दसऱ्याचा सुकलेला हार लोंबत होता. सोसायटीच्या गाड्या सणाआधी एकदम चकाचक होतात, मग वर्षभर धूळ खातात, असं त्यांच्या मनात आलं. त्या दिवशी पाण्यासाठी नळावर किती भांडणं झाली होती. चौथ्या मजल्यावरच्या मुलानं तर पाइप लावून गाडीला न्हाऊ घातलं होतं.

त्या जागच्या जागी थबकल्या. हार घालायच्या आधी आंघोळ घालतात. गाडीला घालतात, देवाला घालतात, आपण सगळेच घालतो. मग ज्या डब्याला हार घातला होता, त्याला आंघोळ घातली नसेल का?

मयूर म्हणाला होता, कुठल्याच मशिनवर पाणी पडलं नाही. बरोबरच होतं त्याचं. कारण डब्याला कुणी मशीन म्हणतच नव्हतं. आणि देवाची तांब्यापितळेची भांडी घासायला आपल्याकडे काय वापरतात? मोहिनीताईंनी पर्समधून फोन काढला खरा, पण तृप्तीचा नंबर लावता लावता त्यांचा हात थांबला. सनी कुणाला पाठीशी घालतोय हे त्यांना आता कळलं होतं, आणि त्यांनी फोन पुन्हा पर्समध्ये टाकला. मुलाला सोडवायचं तर आईचं नाव घ्यावं लागणार होतं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपच्या ऑफिसात देवरे, मयूर आणि तृप्ती अशी मंडळी जमली. सनीलाही आणलं होतं. मोहिनीताईंनी झुंबरबाईला मुद्दाम बोलावलं नव्हतं. टेबलावर त्यांनी दोन काचेच्या बाटल्या ठेवल्या. दोन्हींत आदल्या दिवशी चिंच-मिठाचं पाणी घातलं होतं आणि दोन्हींच्या तोंडाला फुगे ताणून बसवले होते. एका बाटलीत मॅग्नेशियमचा तुकडा होता. दुसरीत तोच धातू, तेवढाच, पण लेथवरून उडालेली भुकटी. तुकड्याच्या बाटलीवरचा फुगा जेमतेम हलला होता. भुकटीच्या बाटलीवरचा टणक फुगून ताठ उभा होता.

देवरे बघतच राहिले. तृप्तीनं फुग्याकडे बोट नेलं, तशी मोहिनीताईंनी तिचा हात मागे ओढला. आत पेटणारा वायू आहे, अंगठा आधीच भाजलाय तो पुरे, असं त्यांनी तिला कॉलेजातल्या आवाजात सांगितलं.

मग त्यांनी उलगडून सांगितलं. धातूचा धोका नुसत्या नावावरून ठरवता येत नाही, तो कुठल्या रूपात आहे ते बघावं लागतं. लाकडाचा ओंडका काडीनं पेटत नाही, भुसा मात्र पेटतो. म्हणून त्या जागतिक पद्धतीत एकाच धातूच्या ठोकळ्याला वेगळं तोलतात आणि भुकटीला वेगळं. मॅग्नेशियमच्या दांडीवर चिन्ह नव्हतं, तेही बरोबरच. भुकटीवर मात्र ज्वालेचं चिन्ह लागतं, कारण पाणी लागलं की ती पेटणारा वायू सोडते, त्यात आंबट-खारट पाणी असेल तर फार जोरात. वायू सोडताना ती गरम होते, म्हणून देवरामला डबा कोमट लागला. झाकण घट्ट, वर सुट्टी, त्यामुळे वायू आतच साठत गेला. पंखा सुरू झाला, ठिणगी उडाली, आणि मग भुकटीनंच पेट घेतला. फटाक्याची दारू कुणी आणली नव्हती. ती इथेच रोज तयार होऊन डब्यात पडत होती.

“देवरेसाहेब, मला एक सांगा,” त्या म्हणाल्या. “तुमच्या कारखान्यात ठोकळा ठोकळा म्हणून राहतो किती वेळ?”

देवऱ्यांनी भुकटीची बाटली स्वतःपासून लांब सारली.

तृप्तीला आता एकच गोष्ट हवी होती. डब्यात ते पाणी घातलं कुणी? मोहिनीताईंनी तृप्तीकडून मागून घेतलेला चिंचोका टेबलावर ठेवला, नाव मात्र घेतलं नाही. सनी एकदम उठला आणि मीच धुतला, माझं नाव लिहा, असं म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

“तू कशाला खोटं बोलतो रं?”

दारात झुंबरबाई उभी होती, हातात चहाचा ट्रे. ऑफिसात पाहुणे आले की चहा तिनंच आणायचा, हा तिथला रिवाज कुणाच्या लक्षातच राहिला नव्हता. ती कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. तिनं ट्रे खाली ठेवला आणि जे झालं ते सरळ सांगून टाकलं.

पोरं आपापली यंत्रं पुसत होती, हार घालत होती. डब्याकडे कुणी बघतही नव्हतं. वर्षभर सगळ्यांची घाण तोच खातो आणि फूल मात्र मोठ्या मशिनला, हे तिला बघवलं नाही. तिनं घरून चिंच-मीठ आणलं, देवाचा तांब्या घासतात तसा डबा आतून-बाहेरून घासला, वरून पाणी ओतलं. आतली भुकटी भंगारवाला नेतो म्हणून तिला हात लावला नाही. झाकण जड, म्हणून सनीला काढायला आणि बसवायला लावलं. तो काम सोडून गेल्यावर हा धातू आला होता, त्यामुळे आतली भुकटी कसली, हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं. तो खटके आवळत होता तेव्हा ती हार आणायला गेली होती. डब्यातून सोड्याच्या बाटलीसारखा आवाज येत होता, तेव्हा डबा तहानलेला होता वाटतं, असं ती हसून म्हणाली होती.

सांगता सांगता तिची नजर त्या फुगलेल्या फुग्याकडे गेली. मग चिंचोक्याकडे, आणि मग मुलाकडे. पोरानं इतके दिवस तोंड का उघडलं नाही, ते तिला तेव्हा कळलं.

“म्हंजे मीच का, ताई?” तिनं विचारलं. “देवरामचे हात मीच जाळले?”

मोहिनीताईंनी इतकी पत्रकं लिहिली, पण या प्रश्नाचं उत्तर त्यांना कुठल्याच पत्रकात लिहावं लागलं नव्हतं. उत्तर दिलं ते देवऱ्यांनी. खुर्ची मागे सारून ते उठले आणि झुंबरबाईसमोर जाऊन उभे राहिले.

“नाही मावशी. पाणी लावायचं नाही हे मला माहीत होतं. मी मयूरला सांगितलं, मयूरनं लेथवाल्यांना सांगितलं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही. झाडणाऱ्या बाईला काय सांगायचं, असं मला वाटलं.”

मग ते तृप्तीकडे वळून म्हणाले, की जबाबदार म्हणून नाव लिहायचं तर माझं लिहा, आणि या पोराला सोडा. तृप्तीनं कागद पुढे ओढून त्यांचं नाव लिहिलं. मग तिनं सनीला आईबरोबर घरी जायला सांगितलं. मायलेक एकमेकांकडे बघत उभे राहिले, आणि मग सनीनं आईच्या आधी वाकून तो चहाचा ट्रे उचलला.

८

झुंबरबाई त्याच दिवशी इस्पितळात गेली. मोहिनीताई सोबत होत्या, कारण एकटीनं जायचं तिचं धाडस होईना. खाटेपाशी जाताच तिनं देवरामच्या पायावर डोकं ठेवलं आणि सगळं सांगितलं. देवराम ऐकत राहिला. लताबाईच्या तोंडावर क्षणभर राग दाटून आला, तो मोहिनीताईंना स्पष्ट दिसला, आणि दिसावा हेही रास्तच होतं.

देवरामनं पट्ट्या बांधलेले हात मांडीवर घेतले. डॉक्टर म्हणाले होते, बोटं चालतील, पण वेळ लागेल. तो म्हणाला, “मावशे, मी रोज त्या डब्याचं बटण दाबायचो. फूल घालावं असं मला कधी सुचलं नाय. तुला सुचलं. ऊठ आता.”

झुंबरबाई उठली, पण वर्कशॉपात परतल्यावर कित्येक दिवस ती मागच्या पडवीत पाय ठेवेना. देवऱ्यांवर गुन्हा नोंदला गेला, तो त्यांनी मान्य केला. नवा डबा आला, त्याच्यावर लाल चौकटीतली ज्वाला लागली, आणि मोहिनीताईंनी सगळ्या कामगारांना बसवून चित्रांचा अर्थ समजावला. पहिल्या रांगेत बसायला त्यांनी झुंबरबाईला भाग पाडलं. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईला एकेक चित्र एका दमात पाठ झालं.

दिवाळीला लक्ष्मीपूजनाची तयारी चालली होती. देवराम हातांवरच्या कोवळ्या कातडीला जपत खुर्चीवर येऊन बसला होता. मयूर तांब्यातलं पाणी शिंपडत शिंपडत पडवीकडे निघाला, तशी झुंबरबाई आडवी आली. तिनं ज्वालेच्या चित्रावर बोट ठेवलं आणि मयूरला हातानंच मागे परतवलं.

मग तिनं कोरडं फडकं घेऊन डबा पुसला, अगदी सावकाश. टोपलीतून झेंडूचं एक फूल निवडलं. ते ताजं होतं, बाजारातून नुकतंच आलेलं, पाकळ्यांवर पाण्याचे थेंब होते. देवराम तिच्याकडे बघत होता. झुंबरबाईनं पदराच्या टोकानं ते थेंब टिपले, फूल उलटं धरून झटकलं, पुन्हा एकदा बोटानं चाचपून पाहिलं, आणि मग ते डब्यावर ठेवलं.